शून्य नंबरचं पान

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि तिची पिशवी अजून खांद्यावरच होती. छापखान्यातल्या लांब टेबलावर, पांढऱ्या दिव्याखाली, तिने काढलेल्या टॅरोच्या पानांचं प्रूफ पसरलं होतं. एका मोठ्या कागदावर सव्वीस पानं, असे तीन कागद, एकूण अठ्ठ्याहत्तर. पहिल्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात शून्य नंबरचं पान होतं. त्या पानावर तिची आई जिन्यात उभी होती, आणि आईच्या हातातली बॅग कुणीतरी काढून घेतली होती.

नुसती काढून घेतली असती तरी एक वेळ चाललं असतं. बॅगेच्या जागी फुलांची टोपली आणून ठेवली होती. टोपलीही धाकटीचीच, सम्राज्ञीच्या पानासाठी तिनेच चार दिवस खपून काढलेली. त्यातल्या एका फुलाची पाकळी मुडपलेली होती, तीसुद्धा जशीच्या तशी इथे आली होती. आणि करणाऱ्याला काम पुरतं करायचीही अक्कल नव्हती. बॅग पुसली, पण तिची सावली पायरीवर तशीच राहिली. टोपली गोल, सावली चौकोनी, वर पट्ट्याची लांब रेघ.

तीन दिवस ती तापाने पडून होती. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता.

या छापखान्यात तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत, कारण अंबाड्यात खोचलेली पेन्सिल ती जेवतानाही काढत नसे. वीस वर्षं तिने इथे औषधांची, साबणाची आणि बुटांची खोकी रंगवली होती. प्रूफाच्या कोपऱ्यात लाल शाईने तिची सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. मालकांच्या मेहुण्याने एकदा सहीशिवाय पाच हजार खोकी छापून घेतली आणि औषधाचं नावच अर्धं कापलं गेलं, तेव्हापासून तर हा नियम मालकांनाही लागू होता.

तिने कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली. तो बापडा सरळ माणूस. चष्मा पुसत आला आणि म्हणाला की तुमच्या ताई आल्या होत्या परवा. तुम्हीच बदल सांगितलाय म्हणाल्या. तुम्हाला फोन करून विचारू का, असं त्याने म्हटलंही होतं. त्यावर ताई म्हणाल्या होत्या, नको, ताप आहे तिला, झोपू दे.

झोपू दे. म्हणजे केसाने गळा कापायचा आणि वर पांघरूणही घालायचं.

तेवढ्यात मशीनचे मास्तर चहाचा कप घेऊन आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मशीन उद्या दुपारी बारापर्यंत मोकळं आहे, त्यानंतर महिनाभर बुटांची खोकी चालणार. तेव्हा बाईंनी सही करावी आणि मोकळं व्हावं. टोपलीही तशी छान दिसतेय की, असंही ते म्हणाले. धाकटीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग तिने पहिला कागद गुंडाळला, काखोटीला मारला, टेबलावरची छोटी पुस्तिका उचलली आणि आली तशी बाहेर पडली.

आता ही पानं काय आणि कशासाठी, ते सांगायला हवं, नाहीतर एका टोपलीवरून एवढा थयथयाट करणारी बाई वेडी वाटेल.

ताई टॅरोची पानं वाचून लोकांना सल्ला देई. चष्म्याच्या दुकानाच्या वर तिची खोली होती. लोक तिथे रडत येत आणि नाक पुसत जात. धाकटीचा या पानांवर काडीचा विश्वास नव्हता, पण ताईवर होता. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्या की चौदाव्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता ताई म्हणाली, दुसऱ्यांचे राजे आणि दुसऱ्यांच्या राण्या वाचून कंटाळा आला मला. आपली पानं काढ. आपल्या घरातली.

धाकटीने दोन वर्षं घेतली. कामावरून आली की जेवणाचं टेबल पुसायचं आणि बसायचं. जुन्या संचात सम्राट सिंहासनावर बसलेला असतो. तिने बाबांची खुर्ची काढली, रिकामी, आणि भोवती सगळं घर उभं. उलटं टांगलेल्या माणसाच्या जागी खुंटीवरचा बाबांचा कोट काढला. सामर्थ्याच्या पानावर जुन्या संचात एक बाई सिंहाचा जबडा उघडते. इथे आईचे हात घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडत होते. न्यायाच्या पानावर दोन मुली ब्लेडने एक खोडरबर कापत होत्या, आणि मोठा तुकडा धाकटीकडे सरकवलेला होता. हे ताईचं खरं वागणं होतं, म्हणून तेच न्याय.

आणि शून्य. शून्य नंबरचं पान जुन्या संचात मूर्खाचं असतं. काठीला गाठोडं अडकवून एक जण कड्याच्या टोकावर निघालेला असतो, पुढे काय आहे याची त्याला फिकीर नसते. धाकटीला हे पान काढायला एक क्षणही विचार करावा लागला नाही. ती चार वर्षांची असतानाचं, तिच्या आयुष्यातलं पहिलं आठवणारं चित्र होतं ते. सकाळची वेळ. जिन्यात आई उभी, बाहेर जायचे कपडे, हातात तपकिरी बॅग. बॅगेचं बक्कल तुटलेलं, म्हणून पट्टा निळ्या रिबिनीने बांधलेला, रिबिनीचं छान फूल केलेलं. धाकटीचा हात आईच्या दुसऱ्या हातात. खाली रस्त्याकडचं दार उघडं आणि त्यातून भरपूर ऊन. आई त्या उन्हाकडे बघत होती, आणि तिचा तसा चेहरा धाकटीने पुढे जन्मात पाहिला नाही.

मग त्या उन्हात बाबा आले. ते त्या वेळी कधीच घरी येत नसत. त्यांनी काही न बोलता बॅग घेतली आणि वर गेले. आईही वर गेली. त्यानंतर आई चौतीस वर्षं त्या घरातच होती, आणि त्या सकाळबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते घर.

म्हणून धाकटीने ते पान काढलं, फक्त बाबांना वगळून. स्वतःलाही वगळलं. आई, बॅग, दार, ऊन. नाव दिलं ‘निघालेली’. आणि ती निळी रिबीन तिला इतकी आवडली की सगळ्या पानांच्या पाठीवर तिने तीच टाकली. कुठलंही पान उलटं ठेवा, वर निळ्या रिबिनीचं फूल दिसणार. आईला एकदा तरी सुटायचं होतं, याची खूण म्हणून. अख्ख्या संचात आईचं खरं पान ते एकच होतं. बाकी सगळीकडे ती कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई होती.

बसमध्ये खिडकीशी बसून धाकटीने पुस्तिका उघडली. पानांचे अर्थ ताईने लिहिले होते, ते तिचं काम ठरलं होतं. पहिल्याच पानावर होतं: शून्य, ‘घरी आलेली’. खाली दोन ओळी. ‘घर तुमची वाट पाहत आहे. आज कुठेही जाऊ नका.’

शेजारच्या बाईने धाकटीकडे चमकून पाहिलं, म्हणजे धाकटी तोंडाने काहीतरी बोलली असणार. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौतीस वर्षं घरात डांबलेल्या बाईला मेल्यावरही कुठे जाऊ द्यायचं नाही. बाबांनी बॅग वर नेली, ताईने ती पुसूनच टाकली. आणि का, तर गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. फुलं बघून कुणी रडत नाही म्हणून. धाकटीने मनातल्या मनात ताईला जे जे म्हणायचं ते सगळं ओळीने लावून घेतलं. उतरायचा थांबा आला तोवर तिचं भाषण तयार होतं.

ताईच्या खोलीबाहेर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मांडीवर फाईल घेऊन एक गृहस्थ बसले होते. धाकटी न थांबता आत शिरली. आत एक तरुण मुलगी डोळे पुसत होती, आणि ताई तिला आपल्या त्या मऊ आवाजात सांगत होती की बाळा, नोकरी गेली म्हणजे तू गेली नाहीस. मऊ बोलणं हा ताईचा धंदाच होता. तिने धाकटीला पाहिलं, काखेतला कागद पाहिला, आणि मुलीशी चाललेलं बोलणं दोन मिनिटांत पण नीट संपवलं. बाहेरच्या गृहस्थांना तिने उद्या यायला सांगितलं. मग दार लावून घेतलं.

“ताप उतरला का तुझा?”

“ताप गेला खड्ड्यात. हे काय आहे?”

धाकटीने कागद टेबलावर उलगडला आणि दोन कोपऱ्यांवर मेणबत्त्यांचे स्टँड आपटून ठेवले. मग ती बोलली. बसमध्ये लावलेली ओळ केव्हाच मोडली, पण एकही शब्द वाया गेला नाही. माझ्या चित्राला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला, इथपासून तिने सुरुवात केली. माझ्या नावाने खोटं बोललीस, माझ्याच लोकांत, माझ्याच टेबलावर. दोन वर्षं मी काढत होते तेव्हा रोज येऊन बघायचीस, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? तुला आईची बॅग नको, कारण बॅग दिसली की आपल्या घराची अब्रू जाते. बाबांची खुर्ची चालते. कोट चालतो. आई बाहेर पडताना तेवढी चालत नाही. तू त्यांचीच मुलगी, शेवटपर्यंत त्यांचीच बाजू घेणारी. दोन वर्षं आईचं सगळं अंथरुणात केलंस म्हणून आई तुझ्या मालकीची झाली नाही.

हे शेवटचं बोलायला नको होतं, हे धाकटीला बोलतानाच कळलं. पण उचललेली जीभ टाळ्याला लागून गेली होती.

ताई खुर्चीत बसली. ती कागदावर वाकली. मग तिने बोट ठेवलं, ते पायरीवरच्या चौकोनी सावलीवर.

“ही राहिली होय,” ती म्हणाली.

“राहणारच. तुला काय वाटलं, पुसलं की संपलं?”

ताईने टेबलाच्या खणातून पानांचा नमुन्याचा संच काढला. धाकटीनेच महिन्यापूर्वी हाताने कापून दिलेला. तिने एक पान उलटं टाकलं. निळी रिबीन वर आली.

“ही कुणाची, तुला माहीत आहे?”

आईची, असं धाकटी म्हणाली. बॅगेला बांधायला आईने कुठून तरी घेतलेली.

“माझी,” ताई म्हणाली. “शाळेची. दोन वेण्यांना दोन. त्या दिवशी सकाळी एक सापडेना. उशीर होत होता, मी सगळं घर पालथं घातलं. शेवटी पलंगाखाली बघितलं, तर तिथे ती बॅग. बक्कल तुटलं होतं म्हणून तिने माझी रिबीन बांधली होती.”

ताईचा तो मऊ आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ती अगदी सपाट बोलत होती. बसचं वेळापत्रक वाचत होती म्हटलं तरी चाललं असतं. रिबीन हवी होती म्हणून तिने गाठ सोडली. गाठ सोडली तशी बॅग उघडली. आत आईचे कपडे होते. त्यावर धाकटीचे तीन फ्रॉक होते, घडी घातलेले. धाकटीचा दुधाचा कप होता, रुमालात गुंडाळलेला. धाकटीची बिनकानाची सशाची बाहुली होती. ताई तळापर्यंत हात घालून बघत राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

“माझं काही नव्हतं त्यात,” ताई म्हणाली. “रिबीन तेवढी माझी होती.”

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी एक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होतं आणि पुढच्या ओळीला अडखळत होतं.

ताईने मग रिबीन परत बांधली होती, आईला कळू नये म्हणून, तसंच फूल करून. आणि एका वेणीने घराबाहेर पडली, पण शाळेत गेलीच नाही. ती बाबांच्या कारखान्यात गेली. फाटकावरच्या माणसाने विचारलं की काय झालं पोरी, तर ती म्हणाली आई धाकटीला घेऊन जातेय.

“बाबा एकटे नव्हते आले. त्यांचा कोट धरून मी मागे उभी होते. तुला मी दिसलेच नाही. आईला दिसले.”

इतक्या वर्षांत धाकटीने बाबा त्या वेळी घरी कसे आले याचा हजारदा विचार केला होता. प्रत्येक वेळी बाबांनाच शिव्या दिल्या होत्या. आता त्या शिव्या तोंडात तशाच राहिल्या आणि कुणाला द्याव्यात ते कळेना. तिला ताईचा राग आला, की ही पस्तीस वर्षांहून जास्त गप्प का बसली. तिला स्वतःचा राग आला, की ज्या रिबिनीचं आपण एवढं कौतुक केलं ती कुणाच्या डोक्यावरून आली हे एकदाही मनात आलं नाही. न्यायाचं पान काढलं तेव्हा मोठा तुकडा आपल्याकडे सरकलेला तिने हौसेने रंगवला होता. बॅगेतले तिन्ही फ्रॉकही आपलेच निघाले. आणि मग, उशिराने आणि तिची इच्छा नसताना, तिला आईचा राग आला.

“तू तिला विचारलंस कधी?” तिने विचारलं.

“विचारलं. शेवटच्या आजारात, तिला पुसून घेत होते तेव्हा.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तू मोठी होतीस, तुझं निभलं असतं.”

धाकटीने शेजारची खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ती दाबत राहिली. बाकी कुणाला नाही तर त्या खुर्चीला तरी शिक्षा मिळावी, असा तिचा अवतार होता. नऊ वर्षांची मोठी! नवव्या वर्षी धाकटीला एकटीला रस्ताही ओलांडता येत नव्हता, ताईच ओलांडून द्यायची.

“हे मला आधी सांगायचंस,” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू काय काढलं असतंस?”

धाकटी आणखी चिडली. हे सगळं मान्य, पण म्हणून खोटं बोलायचं? फुलं लावायची? घर तुमची वाट पाहत आहे म्हणून लिहायचं? ताई म्हणाली की तिला ते पान दिवसातून पाच वेळा हातात घ्यावं लागणार होतं. समोर रडत बसलेल्या माणसाला त्या बॅगेकडे बोट दाखवून सांगावं लागणार होतं की निघा, पुढे ऊन आहे. ते तिच्याने होईना. आणि न निघालेल्या बाईचं चौतीस वर्षांचं पापही तिच्याच पदरात होतं, कारण कारखान्याच्या फाटकात तीच गेली होती. त्या दिवशी तिने नुसतं शाळेत जायला हवं होतं.

“बॅग नको होती, तर मग रिबीन का ठेवलीस?” धाकटीने विचारलं. “अठ्ठ्याहत्तर पानांच्या पाठीवर आहे. तीही पुसायला सांगायचीस त्याला.”

ताईने पहिल्यांदाच मान वर केली. तिचे डोळे लाल होते, पण ते रडून झालेले नव्हते.

“ती का पुसू?” ती म्हणाली. “ती माझी आहे.”

धाकटीने कागद गुंडाळला. पुस्तिका मात्र तिथेच टाकली. जाताना दारात थांबून ती म्हणाली की टोपली राहणार नाही. हे तुला आवडो न आवडो. माझ्या सहीखाली खोटी सावली छापली जाणार नाही. बॅग कुठे जाणार ते मी बघते. खालचा माणूस अजून त्याच ओळीवर अडखळत होता.

दुपारी दोन वाजता धाकटी छापखान्यात आपल्या टेबलाशी बसली. मास्तर येऊन गेले, कॉम्प्युटरवाला येऊन गेला आणि माफी मागून गेला. तिने त्याला उगाच झापलं आणि मग चहा मागवून दिला. मूळ चित्र तिच्या समोर होतं. आई, बॅग, दार, ऊन. पहिल्यांदा तिने ठरवलं की आईचा चेहराच बदलायचा. ते उजळलेलं तोंड, ती सुटकेची नजर, सगळं खरवडून काढायचं. ब्लेड हातात घेतलं, कागदाला टेकवलं. मग ठेवून दिलं. चेहरा तिने जसा पाहिला तसाच काढला होता. आई खरंच तशी दिसत होती. तेच तर संतापाचं कारण होतं.

बॅग तिने होती तशी ठेवली, बंद, रिबिनीचं फूल बांधलेली. अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि चित्रातल्या खालच्या दाराच्या उन्हात काम सुरू केलं. ती जागा तिने दोन वर्षांपूर्वी मोकळी सोडली होती, मोकळी आणि सुंदर. आता तिथे तिने एक मुलगी उभी केली. शाळेचे कपडे, पाठीला दप्तर, मोजे खाली घसरलेले. एका वेणीला निळी रिबीन, फूल केलेली. दुसरी वेणी सुटलेली, केस खांद्यावर. आईची नजर होती तशीच दाराकडे होती, ती रेघभरही हलवावी लागली नाही.

संध्याकाळी तिने चित्र कॉम्प्युटरवाल्याच्या हाती दिलं आणि स्वतः शेजारी बसून पानात बसवून घेतलं. त्याने पडद्यावर बराच वेळ पाहिलं. ही मुलगी कोण, असं त्याने विचारलं नाही, आणि त्याबद्दल धाकटीने त्याला मनातून माफ केलं. ताईला तिने फोनवर एवढंच लिहून कळवलं की सकाळी नऊला ये, सहीआधी बघून जा. पुढे एक ओळ लिहिली होती, ती पुसली.

ताई पावणेनऊलाच आली. केस ओलेच, घाईत बांधलेले. टेबलावर नवं प्रूफ पसरलं होतं. मास्तर हात मागे बांधून उभे होते, कारण छपाईच्या प्लेटा तयार होत्या आणि बाईंच्या लाल शाईखेरीज मशीनला कशाची वाट नव्हती. धाकटी टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. काल ती एवढी ओरडली होती, तेव्हा घाबरली नव्हती. आता तिने लाल पेनाचं टोपण दोनदा काढून परत लावलं. ताईने नको म्हटलं तर पान जाणार नाही, हे तिने काल झोपण्यापूर्वी ठरवून टाकलं होतं. मग सत्त्याहत्तरच छापली जातील, आणि विचारणाऱ्याला शून्य म्हणजे शून्यच असं सांगायचं.

ताईने चष्मा लावला. वाकून पाहिलं. जिना पाहिला, बॅग पाहिली. मग तिचं बोट कागदावरून खाली सरकत दाराशी आलं आणि तिथे थांबलं. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. धाकटीने त्यांना डोळ्यांनीच जागेवर बसवलं.

“चुकलंय,” ताई म्हणाली.

“काय चुकलंय?”

“सुटलेली वेणी डावी होती. माझी डावी. तू उजवी काढलीस.”

धाकटीने कागदाकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईचा हात आपोआप वर गेला होता आणि डाव्या कानामागच्या ओल्या केसांना धरून होता.

“नाव काय ठेवायचं?” धाकटीने विचारलं.

“तेच राहू दे. निघालीच होती ती.”

मास्तर पुढे आले आणि समजुतीच्या सुरात सांगू लागले की वेणी डावी काय आणि उजवी काय, नखाएवढी मुलगी, कुणाला दिसणार आहे. आता प्लेटा परत करायच्या म्हणजे साडेअकरा वाजणार, बाराला बुटांची खोकी चढणार. धाकटी त्यांच्यावर असं काही ओरडली की मागच्या कापणीच्या मशीनवरचा माणूसही थांबला. बुटांची खोकी थांबतील, ती म्हणाली. ही मुलगी पस्तीस वर्षांवर तिथे उभी आहे, तुमच्या खोक्यांना अर्धा तास उभं राहायला काय धाड भरलीय?

मग तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली, ताईला शेजारच्या स्टुलावर बसवलं, तिची मान धरून उजेडाकडे वळवली, आणि डाव्या बाजूची वेणी कुठून सुटायची ते विचारून घेऊन काढायला बसली.